टाकीचं झाकण आणि गाडीचा मालक

मोटारीच्या ज्या भागांना मालकाचा हात क्वचितच लागतो, त्यांत पेट्रोलच्या टाकीचं झाकण येतं. आपल्याकडे पेट्रोल भरायचं काम पंपावरचा कर्मचारी करतो. झाकण तोच उघडतो, तोच लावतो. मालक तेवढ्या वेळात मीटरवरचं शून्य पाहतो, पैसे देतो आणि निघतो. त्यामुळे पंधरा वर्षं एकच गाडी चालवणाऱ्यालाही तिच्या झाकणाखालची रबरी रिंग कोणत्या अवस्थेत आहे हे सहसा माहीत नसतं. सर्व्हिसिंगला गाडी जाते तेव्हा ऑइल बदलतात, फिल्टर बदलतात, ब्रेक पाहतात. झाकणाचा विषय निघतो तो ते हरवल्यावर किंवा फुटल्यावर. माझं म्हणणं असं की हे झाकण इंधनयंत्रणेचा काम करणारा भाग आहे आणि रबर, स्प्रिंग, व्हॉल्व्ह असलेल्या कोणत्याही भागासारखं त्यालाही ठरावीक आयुष्य आहे. आपल्या देशातल्या व्यवस्थेत ते तपासायची जबाबदारी दुसऱ्या कोणावरच नाही, म्हणून ती मालकानंच घ्यायला हवी. झाकण बदलायचं काम घरच्या घरी, कुठल्याही खास हत्याराशिवाय होतं. पण नळीवर बसणारं प्रत्येक झाकण योग्य असतंच असं नाही, आणि योग्य झाकण कोणतं हे समजायला आधी पेट्रोलचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

पेट्रोल हे शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे आणि त्यातले हलके घटक साध्या हवेतही भराभर उडून जातात. उणे चाळीस अंशांच्या आसपासच्या थंडीतसुद्धा पेट्रोलवर पेट घेण्याइतकी वाफ असते. तापमान ३८ अंशांवर गेलं की ह्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या निम्म्याहून अधिक होतो. म्हणजे मे महिन्यात नागपुरात किंवा चंद्रपुरात भर दुपारी उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत, पेट्रोलच्या वरच्या रिकाम्या जागेत, हवा कमी आणि वाफ जास्त असते. ह्यातून एक अनपेक्षित गोष्ट निष्पन्न होते. पेट्रोल पेटायला हवेतलं वाफेचं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या दरम्यान असावं लागतं. बंद टाकीत ती इतकी दाट असते की जळायला पुरेसा प्राणवायूच तिथं नसतो. धोका सुरू होतो तो वाफ बाहेर पडून हवेत विरळ होऊ लागते तेव्हा, म्हणजे नेमका नळीच्या तोंडाशी. शिवाय ही वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असल्यामुळे वर उडून जात नाही. ती खाली उतरते आणि जमिनीलगत साचते. सोसायटीच्या तळघरातल्या बंद पार्किंगमध्ये सकाळी पेट्रोलचा दर्प येत असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये ते ह्यासाठी.

टाकी कायमची हवाबंद ठेवता येत नाही हीही अडचण आहे. दिवसा टाकी तापते, आतली वाफ वाढते आणि बाहेर पडू पाहते. रात्री ती थंड होते, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा आत यावी लागते. गाडी चालू असताना पंप पेट्रोल उपसत असतो, त्या रिकाम्या होणाऱ्या जागेतही हवा यावीच लागते. जुन्या काळच्या मोटारींत ह्यावरचा उपाय सरळ होता: झाकणालाच बारीक छिद्र ठेवायचं, वाफ बाहेर गेली तर जाऊ द्यायची. ह्या जाणाऱ्या वाफेची किंमत काय, हे पहिल्यांदा लॉस एंजेलिसमध्ये कळलं. त्या शहरावर १९४० च्या दशकात डोळे चुरचुरवणारं धुरकं उतरू लागलं होतं. कॅल्टेकमधले मूळचे डच असलेले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट तोपर्यंत अननसाच्या स्वादाच्या रसायनांवर काम करत होते. त्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की पेट्रोलमधले न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं ह्यांची उन्हात अभिक्रिया होते आणि त्यातून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. आधी तेल उद्योगाला हे पटलं नाही. प्रयोग पुन्हा पुन्हा करून पाहिल्यावर मान्य करावं लागलं. पुढे १९६८ मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. त्या सुमाराच्या मोटारींतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनांपैकी साधारण पाचवा हिस्सा धुराड्यातून येतच नव्हता. तो टाकीतून आणि कार्बोरेटरमधून नुसता वाफ होऊन उडत होता. मग १९७० च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि १९७१ पासून साऱ्या अमेरिकेत ही वाफ अडवणं सक्तीचं झालं.

वाफ अडवायची युक्ती आजही तीच आहे. टाकीतून निघणारी वाफ एका नळीनं सक्रिय कोळसा भरलेल्या डब्यात नेतात. कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत ती धरून ठेवली जाते, आणि इंजिन चालू झालं की त्याच डब्यातून हवा ओढून ती इंजिनात जाळली जाते. ही साखळी कामाची ठरायची असेल तर वाफेला दुसरी वाट राहता कामा नये. पेट्रोल भरायची नळी ही सगळ्यात मोठी दुसरी वाट, आणि ती बंद करायचं काम झाकणाचं. त्यासाठी झाकणाखाली रबरी रिंग असते. ती नळीच्या काठावर ठरावीक दाबानं बसली पाहिजे, म्हणून झाकणात दातेरी चकती असते. पुरेसं आवळलं गेलं की ती ‘कट्’ असा आवाज करून सुटते आणि त्यापुढे कितीही पिळलं तरी रिंगवर जास्त दाब येत नाही. ह्याशिवाय बहुतेक झाकणांच्या पोटात एक छोटा व्हॉल्व्ह असतो. कोळशाच्या डब्याकडची वाट काही कारणानं तुंबली आणि टाकीत दाब फार वाढला, तर कुकरच्या सुरक्षा व्हॉल्व्हप्रमाणे तो दाब सोडून देतो; आत निर्वात होऊ लागलं तर हवा आत घेतो. दिसायला प्लॅस्टिकचं एक टोपण, पण बंद ठेवणं, मोजून आवळलं जाणं आणि अडचणीच्या वेळी वाट करून देणं, अशी तीन वेगळी कामं त्यानं करायची असतात. तिन्ही कामं ज्यांच्या जोरावर होतात ते रबर आणि स्प्रिंग काळानुसार थकतात.

आता आपल्याकडची परिस्थिती पाहू. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून गाडीच्या संगणकानं इंधनयंत्रणेतली गळती स्वतः शोधावी असा नियम आला. आधी सुमारे एक मिलिमीटरच्या छिद्राइतकी आणि नंतर अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राइतकी गळतीसुद्धा त्याला ओळखता यावी लागते. झाकण सैल राहिलं की तिथं ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो, आणि त्या दोषासाठी पी०४५७ असा स्वतंत्र कोडच ठरलेला आहे. इंटरनेटवरची झाकण बदलण्याविषयीची बहुतेक माहिती ह्या दिव्यापासून सुरू होते, आणि ती वाचून आपल्याकडचा मालक असा निष्कर्ष काढतो की दिवा लागला नाही म्हणजे झाकण ठीक आहे. हा निष्कर्ष चुकीचा आहे. आपली भारत स्टेज मानकं युरोपच्या मानकांवर बेतलेली आहेत आणि त्यांत गळती शोधण्याची अशी सक्ती नाही. त्यामुळे आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्यांत झाकण सैल असलं, रिंगला तडे गेलेले असले, तरी डॅशबोर्डवर काहीही दिसत नाही. कंपनी नवीन मॉडेल बाजारात आणते तेव्हा त्याची बाष्प-चाचणी होते. गाडी एका बंद खोलीत ठेवून तिच्यातून उडणारे हायड्रोकार्बन मोजतात आणि ते एका चाचणीत दोन ग्रॅमच्या आत असावे लागतात. पण ती मोजणी नव्या गाडीची, नव्या झाकणासकट. त्यानंतरच्या साऱ्या आयुष्यात गाडी पीयूसीला जाते, आणि पीयूसी केंद्रावर नळी लागते ती धुराड्याला. टाकीकडे कोणी पाहत नाही. मोठ्या शहरांतल्या पेट्रोल पंपांना भरताना उडणारी वाफ परत ओढून घेणारी यंत्रणा बसवायला लावण्यात आली आहे, आणि ते योग्यच झालं. पण पंपावरून बाहेर पडलेल्या गाडीचं झाकण गळकं आहे का, हे विचारणारा पुढे कोणी नाही.

ह्यावर पहिला आक्षेप असा येईल की एवढ्याशा वाफेचा इतका विचार कशाला. हा आक्षेप आकड्यांनीच तपासायला हवा. अर्धी रिकामी टाकी असलेली गाडी दिवसभर उन्हात उभी आहे आणि वाफ अडवायला झाकणच नाही, असं धरलं तर ढोबळ हिशेबानं दिवसाला दहा-वीस ग्रॅम पेट्रोल उडून जाऊ शकतं. वीस ग्रॅम म्हणजे साधारण सत्तावीस मिलिलिटर; लिटरला शंभर रुपयांच्या वरचा भाव धरला तरी दिवसाला तीनेक रुपये. रिंग नुसती जुनी झाली असेल तर नुकसान ह्याहूनही कमी. तेव्हा झाकण बदलल्यानं गाडी ॲव्हरेज जास्त देऊ लागेल असं कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण तेच वीस ग्रॅम हवेच्या बाजूनं मोजले की चित्र बदलतं. बीएस-६ च्या पेट्रोल मोटारीला धुराड्यातून किलोमीटरमागे ०.१ ग्रॅम एवढेच हायड्रोकार्बन सोडायची परवानगी आहे. म्हणजे झाकण नसलेली गाडी एका जागी नुसती उभी राहून दिवसभरात जेवढं सोडते, तेवढं सोडायला चांगल्या गाडीला मर्यादेच्या काठावर राहून दोनशे किलोमीटर धावावं लागेल. उत्प्रेरक बसवलेल्या महागड्या सायलेन्सरनं कमावलेलं एका रिंगेपायी गमवायचं, हा व्यवहार कुठल्याच बाजूनं परवडणारा नाही. त्या वाफेत बेंझीनही असतं. आपल्या मानकानुसार पेट्रोलमध्ये ते एक टक्क्यापर्यंत चालतं, आणि बेंझीननं माणसाला कर्करोग होतो हे निर्विवाद सिद्ध झालेलं आहे. दारातल्या किंवा इमारतीखालच्या गाडीतून ते रोज थोडं थोडं बाहेर पडत राहावं असं कोणालाच वाटणार नाही.

गेल्या काही वर्षांत ह्या जुन्या प्रश्नाला नवी धारही आली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्रीला आलं आणि आता देशभर तेच मिळतं. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांतलं रबर आणि प्लॅस्टिक ह्या इंधनाला टिकेल असं निवडलेलं आहे. त्याआधीच्या गाड्यांबाबत तशी खात्री देता येत नाही. जुन्या पद्धतीचं रबर इथेनॉलनं फुगतं, त्यातले मऊपणा देणारे घटक निघून जातात, आणि कोरडं पडलं की ते आक्रसून कडक होतं. खुद्द पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटलं होतं की काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गास्केटं बदलावी लागू शकतील आणि हा खर्च थोडा आहे. इथेनॉलवरच्या वादात मला इथं शिरायचं नाही. गाडीच्या प्रत्येक दुखण्याचं खापर त्यावर फोडणारेही आहेत आणि काहीच होत नाही म्हणणारेही. पण जुन्या गाडीतला तपासायला सगळ्यात सोपा रबरी भाग कोणता, असं विचारलं तर उत्तर झाकणाची रिंग हेच आहे. बोनेट उघडायला नको, गाडी उचलायला नको. बोट फिरवलं की कळतं.

पाण्याचा मुद्दाही इथेनॉलशी जोडलेला आहे. निव्वळ पेट्रोलमध्ये पाणी मिसळत नाही, ते तळाशी वेगळं राहतं. इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये थोडं पाणी विरघळून जातं, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाशी जातात, जिथून पंप इंधन ओढतो. मग गाडी अडखळते, बंद पडते, टाकी उतरवून साफ करावी लागते. हे पाणी टाकीत येण्याच्या वाटा अनेक असल्या, तरी कोकणातल्या किंवा गोव्यातल्या चार महिन्यांच्या पावसात एक वाट झाकणाची असते. बाहेरच्या पत्र्याच्या झडपेमागे जो खळगा असतो त्याच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी छिद्र ठेवलेलं असतं. चिखलानं, वाळक्या पानांनी ते बुजलं की खळग्यात पाणी साचतं आणि झाकणाची रिंग त्यात बुडून राहते. पाऊस सुरू होण्याआधी हे छिद्र मऊ तारेनं किंवा काडीनं मोकळं करणं हे झाकण बदलण्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि ते जवळपास कोणीच करत नाही. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांचा तर खास विचार करावा लागेल, कारण मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात त्या भरपूर आहेत. त्यांच्या टाकीत चार-पाच लिटर पेट्रोल महिनोन्‌महिने पडून असतं, वरची जागा जवळजवळ सगळी रिकामी असते म्हणून वाफेला वाव जास्त, आणि झाकण उघडायची वेळच येत नसल्यानं ते कसं आहे हे कोणाला कळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: पेट्रोलशी संबंधित काम घरी करूच नये, ते मेकॅनिकचं आहे. टाकी उतरवणं, पंप काढणं, इंधनाची नळी बदलणं ह्या कामांबाबत हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. तिथं दाबाखालचं पेट्रोल असतं, सांडण्याची शक्यता असते. घरी हात लावू नये. झाकणाचं तसं नाही. ते दर वेळी पेट्रोल भरताना उघडलं जातंच. बदलताना त्याहून वेगळं काही उघडं पडत नाही, आणि नळीचं तोंड मोकळं राहतं ते जेमतेम पाच-दहा मिनिटं. थोडी खबरदारी मात्र हवीच. इंजिन बंद आणि थंड असावं. काम उघड्यावर, सावलीत, सकाळच्या गारव्यात करावं. तळघरात किंवा बंद गॅरेजमध्ये करू नये. जवळपास विडी-सिगरेट, उदबत्ती, गॅसची शेगडी, वेल्डिंग असलं काही नसावं. टाकी काठोकाठ भरलेली नसलेली बरी. झाकणाला हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज तिथंच उतरून जाते. आणि गाडी वॉरंटीत असेल तर ह्या साऱ्याची गरजच नाही. अधिकृत केंद्रातून बदलून घ्यावं आणि त्याची नोंद करून घ्यावी.

बदलायची वेळ आली आहे हे ओळखणं अवघड नाही. रिंग बोटानं दाबून पाहावी. ती मऊ असावी, दाबून सोडली की परत उठावी. चपटी झालेली, काचेसारखी चकचकीत आणि कडक झालेली, किंवा ताणल्यावर बारीक तडे दाखवणारी रिंग निकामी समजावी. झाकण आवळताना कट् आवाज आलाच नाही, किंवा रिंग बसायच्या आधीच दाते सुटू लागले, तर दातेरी चकती गेलेली आहे. प्लॅस्टिकला केसासारखी चीर दिसली, किल्लीचं कुलूप अडकू लागलं, आटे झिजले, तर पुढे वाट पाहू नये. झाकण उघडताना किंचित फुस्स होणं स्वाभाविक आहे, त्यानं घाबरून जाऊ नये. पण दर वेळी जोरात हवा आत ओढली जात असेल, आणि धावत्या गाडीचा दम जाऊन झाकण उघडल्यावर ती पुन्हा नीट चालत असेल, तर टाकीत हवा यायची वाट तुंबलेली आहे. दोष झाकणाच्या व्हॉल्व्हमध्ये असू शकतो किंवा कोळशाच्या डब्याच्या बाजूला. नवं झाकण लावूनही तसंच होत राहिलं तर ते मात्र गॅरेजचं काम.

खरी चूक होते ती झाकण निवडताना. स्पेअर पार्टच्या दुकानात झाकणं ढीगभर असतात, बरीचशी एकमेकांसारखी दिसतात, आणि ‘सगळ्यांना बसतं’ असं सांगून दिलं जाणारं झाकण खरंच नळीवर बसतंही. पण आट्यांचा उतार थोडा वेगळा असला तर रिंग एका बाजूनं दबते आणि दुसऱ्या बाजूनं उचललेली राहते. आतला व्हॉल्व्ह वेगळ्या दाबाला उघडणारा असू शकतो. सगळ्यात वाईट म्हणजे हवेच्या वाटेचा घोळ. जुन्या गाडीत हवा यायची वाट झाकणातच असते. तिथं पूर्ण बंद झाकण बसवलं की टाकीत निर्वात होतं आणि इंजिनाला पेट्रोल मिळेनासं होतं. उलट नव्या गाडीत छिद्राचं झाकण लावलं की कोळशाचा डबा असून नसल्यासारखा. म्हणून आरसीवरचा चासी नंबर सांगून कंपनीच्या पार्ट नंबरचं झाकण मागावं, जुनं झाकण सोबत न्यावं, आणि व्यास, आटे, रिंग, झाकण गाडीला बांधणारी पट्टी अशी एकेक गोष्ट शेजारी ठेवून पडताळावी. किमतीत फरक पडला तर तो काही शे रुपयांचा पडतो, आणि एकदा घेतलं की ते वर्षानुवर्षं चालतं. पेट्रोलचोरीच्या भीतीनं किल्लीचं झाकण घ्यायचं असेल तर जरूर घ्यावं, पण तेही आपल्या मॉडेलसाठी बनलेलं. बीएस-६ च्या कित्येक डिझेल गाड्यांत डिझेलच्या शेजारी युरियाच्या द्रावणाची, म्हणजे डीईएफची, निळ्या झाकणाची दुसरी टाकी असते. ह्या दोन झाकणांची अदलाबदल कधीही होऊ देऊ नये. पंपावरचा माणूस रंगावरूनच टाकी ओळखतो, आणि ते द्रावण डिझेलच्या टाकीत गेलं तर दुरुस्तीचा खर्च फार मोठा असतो. बाकी डिझेलची वाफ पेट्रोलच्या मानानं नगण्य असते. तिथं झाकणाचा मुख्य उपयोग पाणी आणि धूळ अडवण्याचा.

प्रत्यक्ष बदलणं हे ह्या सगळ्यातलं सोपं काम. जुनं झाकण सावकाश, थांबत थांबत सोडवावं, म्हणजे आतला दाब हळूहळू निघून जातो. ते एका प्लॅस्टिकच्या पट्टीनं गाडीला बांधलेलं असतं. पट्टीचं टोक म्हणजे बहुधा एक खुंटी असते, पत्र्याच्या किंवा झडपेच्या छिद्रात दाबून बसवलेली. ती बोटांनी किंवा चपट्या प्लॅस्टिकच्या पट्टीनं अलगद उचकटावी. स्क्रू ड्रायव्हर वापरायची वेळ आलीच तर त्याला कापड गुंडाळावं, म्हणजे रंगाला ओरखडा पडत नाही आणि धातूवर धातू घासत नाही. मग नळीचा काठ सुती, धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडानं पुसून घ्यावा. नवी रिंग कितीही चांगली असली तरी ती ज्या काठावर बसते तो गंजलेला किंवा चेपलेला असेल तर फायदा नाही. गंजाचे कण आत पडणार नाहीत असं पाहून, पुसून काठ गुळगुळीत होतो का ते बघावं. होत नसेल तर नळीच बदलायला लागेल आणि ते घरचं काम नव्हे. रिंगला ग्रीस, तेल, डिंक काहीही लावू नये. पट्टीची नवी खुंटी छिद्रात दाबून बसवावी, झाकण सरळ धरून आधी उलट दिशेनं किंचित फिरवावं म्हणजे आटे एकमेकांत उतरलेले जाणवतात, आणि मग कट् आवाज येईपर्यंत आवळावं. एकदा की तीनदा, हे झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पाव फेऱ्यात बसणाऱ्या झाकणाला आटे नसतात. तिथं दोन खाचा जुळवून शेवटपर्यंत फिरवलं की झालं. शेवटी झडप बंद होते का आणि पट्टी मध्ये चिमटत नाही ना, हे पाहावं.

पट्टीबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण ती तुटली की लोक तशीच राहू देतात. पट्टी नसलेलं झाकण पंपावर गाडीच्या टपावर किंवा यंत्रावर ठेवलं जातं आणि तिथंच राहून जातं. झाकण हरवण्याचं हे नेहमीचं कारण. मग तात्पुरती सोय म्हणून चिंधीचा बोळा कोंबला जातो, किंवा प्लॅस्टिकची पिशवी रबर बँडनं बांधली जाते. चिंधी पेट्रोल शोषून घेते आणि तिचं बाहेरचं टोक सतत वाफ सोडत राहतं. ती अक्षरशः वात असते, आणि पेट्रोलच्या टाकीला वात लावून हिंडू नये. पिशवी उन्हानं आणि पेट्रोलनं विरघळल्यासारखी होऊन फाटते, तिचे तुकडे आत जातात. घरापर्यंत पोहोचायचंच असेल तर लांबचा प्रवास न करता जवळच्या दुकानातून कोणतंही बसणारं झाकण घ्यावं आणि दोन दिवसांत योग्य झाकण आणावं. पंपावरची आणखी एक सवय इथं सांगून टाकतो. नोझल आपोआप बंद झाल्यावर रक्कम राउंड फिगर करण्यासाठी आणखी पेट्रोल घालून घेणारे बरेच असतात. वाफेसाठी ठेवलेली जागा त्यानं भरते, पेट्रोल कोळशाच्या डब्यात उतरतं आणि डबा निकामी होतो. मग झाकण कितीही उत्तम असो, वाफ धरायला मागे काही उरत नाही.

शेवटचा आक्षेप भविष्यातला आहे: विजेच्या गाड्या येत आहेत, काही पेट्रोल गाड्यांत झाकणाऐवजी आपोआप मिटणारी झडप आली आहे, तेव्हा ह्या विषयाचं आयुष्य किती? उत्तर असं की आज रस्त्यावर असलेल्या पेट्रोल गाड्या पुढची दहा-पंधरा वर्षं तरी चालणार आहेत, आणि जसजशा त्या जुन्या होतील तसतशी त्यांची झाकणंही जुनी होतील. म्हणजे प्रश्न सुटण्याआधी वाढणार आहे. मालकाची जबाबदारी मी वर मांडली, पण सगळा भार त्याच्या लक्षात राहण्यावर सोडणं बरोबर नाही. पीयूसी केंद्रावर गाडी नेमानं येतेच. तिथं झाकण तपासायची सोय करायला काही मोठी यंत्रसामग्री लागत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यांच्या प्रदूषण-तपासणीत ही चाचणी आहे. झाकण काढून एका छोट्या उपकरणावर बसवतात, त्यात ठरावीक दाबाची हवा भरतात, आणि दाब किती लवकर उतरतो ते पाहतात. मिनिटाला ६० घन सेंटिमीटरपेक्षा जास्त हवा गळली की झाकण नापास. नवं बसवून पुन्हा तपासायचं, आणि मगच प्रमाणपत्र.